‘ट्रॉप पॉझिटिव्ह’ म्हणजे नेमके काय?

गरब्याच्या रिंगणात किंवा जिममध्ये एखादा तरुण कोसळल्याची चित्रफीत मोबाइलवर फिरू लागली की पुढचे काही दिवस पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर एक मागणी हमखास येते: “हार्ट अटॅकची रक्ततपासणी असते ना, तेवढी करून टाका.” ही तपासणी म्हणजे ट्रोपोनिन, डॉक्टरांच्या आणि लॅबवाल्यांच्या बोलीत नुसते ‘ट्रॉप’. काहीच त्रास नसताना ती करून घेणारा माणूस ‘निगेटिव्ह’ शब्द वाचून निर्धास्त होतो आणि मूत्रपिंडाच्या आजाराने आधीच बेजार असलेल्या माणसाचे घरचे ‘पॉझिटिव्ह’ वाचून हवालदिल होतात. दोघांनीही एकच आकडा वाचलेला असतो आणि बहुतेक वेळा दोघांनीही तो चुकीचा वाचलेला असतो. ही तपासणी गेल्या काही दशकांतील वैद्यकशास्त्राच्या उत्तम साधनांपैकी एक आहे, असे माझे मत आहे; पण ती कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते हे ठाऊक नसेल, तर ती घाबरवण्यापलीकडे फारसे काही करत नाही.

दाराची कडी रक्तात कशी येते?

हृदय हा स्नायू आहे. त्याच्या प्रत्येक पेशीत जाड आणि बारीक असे दोन प्रकारचे तंतू शेजारी शेजारी असतात. जाड तंतू बारीक तंतूंना धरून ओढतात आणि त्या ओढीने हृदय आकुंचन पावते. ही ओढ सतत चालू राहिली तर हृदय सैल पडणारच नाही आणि त्यात पुन्हा रक्त भरणार नाही. म्हणून दोन ठोक्यांच्या मधल्या काळात बारीक तंतूंवरच्या पकडीच्या जागा झाकलेल्या असतात. या झाकणाला लावलेली कडी म्हणजे ट्रोपोनिन. पेशीत कॅल्शियम आले की कडी निघते, कॅल्शियम ओसरले की पुन्हा बसते. जपानी शास्त्रज्ञ सेत्सुरो एबाशी यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात या प्रथिनाचा शोध लावला, तेव्हा त्यांना स्नायू कसा आखडतो हे समजून घ्यायचे होते. रोगनिदान त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हते.

ही कडी तीन प्रथिनांची मिळून बनलेली असते: सी, आय आणि टी. पैकी ‘आय’ आणि ‘टी’ यांची हृदयातील घडण हातापायांच्या स्नायूंतील घडणीपेक्षा वेगळी असते आणि या तपासणीचे सारे महत्त्व त्या वेगळेपणात आहे. गावातल्या एकाच वाड्याच्या दारांना एका खास घडणीच्या कड्या असाव्यात आणि तशी कडी ओढ्यात वाहत आलेली सापडावी. मग पडझड कोणत्या वाड्यात झाली हे विचारावे लागत नाही. पेशी शाबूत असेपर्यंत ट्रोपोनिन रक्तात जवळपास नसतेच. हृदयाला रक्त पुरवणारी धमनी बंद पडली, पेशी मरू लागल्या आणि त्यांची आवरणे फाटली की ते रक्तात उतरते.

पेशीतील ट्रोपोनिनचा अगदी थोडा हिस्सा सुटा असतो, बाकीचा तंतूंना घट्ट जोडलेला असतो. सुटा हिस्सा काही तासांत बाहेर पडतो. जोडलेला हिस्सा तंतू विरघळत जातील तसा दिवसेंदिवस झिरपत राहतो. म्हणून झटक्यानंतर रक्तातील आकडा काही तासांत चढतो, साधारण बारा ते चोवीस तासांत शिखर गाठतो आणि त्यानंतरही ट्रोपोनिन आय सुमारे आठवडाभर, तर ट्रोपोनिन टी दहा ते चौदा दिवस वाढलेले दिसू शकते. शनिवारी छातीत दुखले, ते ‘गॅस’ म्हणून अंगावर काढले आणि मंगळवारी रुग्णालय गाठले, तरी शनिवारच्या घटनेचा पुरावा रक्तात शिल्लक असतो.

अशा, रक्तात मोजता येणाऱ्या आणि शरीरातील एखाद्या घडामोडीचा सुगावा देणाऱ्या पदार्थाला जैवनिर्देशक म्हणतात.

पूर्वी काय तपासत असत?

आज यकृताच्या तपासणीत जी ‘एसजीओटी’ आपण पाहतो, ती हृदयविकाराच्या झटक्याची पहिली रक्ततपासणी होती, हे सांगितले तर अनेकांना खरे वाटत नाही. आर्थर कार्मेन, फेलिक्स व्रोब्लेव्स्की आणि जॉन लाड्यू या न्यूयॉर्कमधील संशोधकांनी १९५४ साली असे दाखवून दिले की झटक्यानंतर हे विकर रक्तात वाढते. अडचण अशी की ते यकृतातही भरपूर असते. पुढे क्रिएटिन कायनेज आले, म्हणजेच रिपोर्टवरचे ‘सीपीके’. पण ते साऱ्याच स्नायूंत असल्यामुळे कमरेत दिलेल्या साध्या इंजेक्शननेही वाढत असे. त्याचा ‘सीके-एमबी’ हा प्रकार हृदयाशी अधिक निगडित असल्याने अनेक वर्षे तोच प्रमाण मानला गेला. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ट्रोपोनिन आय आणि टी रक्तात मोजण्याच्या पद्धती तयार झाल्या. टीची पद्धत जर्मनीत ह्यूगो काटुस यांच्या गटाने १९८९ साली मांडली. २००० साली युरोपातील आणि अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी झटक्याची व्याख्या नव्याने लिहिली, तेव्हा ट्रोपोनिनला तिच्या केंद्रस्थानी बसवले. या व्याख्येची २०१८ सालची चौथी आवृत्ती आज प्रमाण मानली जाते.

खडकवासल्यात आठशे ग्रॅम मीठ

निरोगी माणसाच्या रक्तातही ट्रोपोनिन अत्यल्प प्रमाणात असते. जुन्या तपासण्यांना ते दिसत नव्हते, एवढेच. आजच्या ‘हाय-सेन्सिटिव्हिटी’ तपासण्यांना ते दिसते. किती अल्प, याचा अंदाज घेऊ. ट्रोपोनिन टीच्या या तपासणीत १४ नॅनोग्रॅम प्रति लिटर ही वरची मर्यादा धरतात. एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोग्रॅम. पुणेकरांच्या परिचयाच्या खडकवासला धरणात सुमारे दोन टीएमसी पाणी मावते; ते काठोकाठ भरलेले असताना त्यात आठशे ग्रॅम मीठ विरघळवले, तर मिठाचे प्रमाण जवळपास तेवढेच भरेल. एवढे शोधून मोजण्यासाठी ट्रोपोनिनला दोन बाजूंनी पकडणारी दोन प्रतिपिंडे वापरतात. एक प्रतिपिंड त्याला धरून ठेवते, दुसऱ्याला प्रकाश देणारी खूण बांधलेली असते आणि यंत्र तो प्रकाश मोजते.

ही १४ची मर्यादा ठरली कशी? निरोगी लोकांचा मोठा गट घेऊन त्यांचे आकडे चढत्या क्रमाने लावले आणि शंभरातील नव्व्याण्णव जण ज्याच्या खाली येतात तो आकडा मर्यादा म्हणून धरला. याचा एक अर्थ सहसा कोणी बोलून दाखवत नाही: शंभर निरोगी माणसांतील एखाद्याचा आकडा मर्यादेच्या वर असणारच, कारण मर्यादेची व्याख्याच तशी आहे. शिवाय स्त्रियांची मर्यादा पुरुषांपेक्षा कमी असते. ट्रोपोनिन आयच्या एका प्रचलित तपासणीत ती स्त्रियांसाठी १६, तर पुरुषांसाठी ३४ आहे. प्रत्येक कंपनीच्या तपासणीची मर्यादा वेगळी असल्यामुळे एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या आकड्याशेजारी ठेवून तुलना करणे व्यर्थ आहे.

एककांचा घोळ वेगळाच. एका परिचितांच्या घरी सकाळच्या रिपोर्टवर ०.०४ होते आणि संध्याकाळी दुसऱ्या रुग्णालयातल्या रिपोर्टवर ४१. हजारपट वाढ झाली म्हणून घरात रडारड सुरू झाली होती. सकाळचा आकडा नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये होता, संध्याकाळचा नॅनोग्रॅम प्रति लिटरमध्ये. ०.०४ला हजाराने गुणले की ४० होतात. आकड्यापुढचे बारीक अक्षर वाचण्याइतकी उसंत त्या घरात कोणाला असणार?

पाणी चढते आहे की उतरते आहे?

कोल्हापुरात पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावरील पंचगंगेच्या पातळीचा आकडा घरोघरी तोंडपाठ असतो: ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. पण नुसता आकडा ऐकून तेथे कोणी थांबत नाही, पुढचा प्रश्न येतोच, “चढतंय की उतरतंय?” ४० फुटांवर तीन दिवस स्थिर असलेले पाणी आणि तासाभरात ३६वरून ४०वर आलेले पाणी यांतला फरक कोल्हापूरकराला शिकवावा लागत नाही.

ट्रोपोनिनचेही नेमके तसेच आहे. व्याख्येनुसार झटक्याच्या निदानासाठी किमान एक आकडा मर्यादेच्या वर असायला हवा, शिवाय आकड्यांत चढ किंवा उतार दिसायला हवा आणि त्याच्या जोडीला हृदयाला रक्त कमी पडल्याचा वेगळा पुरावाही हवा. हा पुरावा म्हणजे छातीतील विशिष्ट दुखणे, ईसीजीतील बदल, इकोत हृदयाच्या भिंतीचा एखादा भाग नीट न हलणे किंवा ॲन्जिओग्राफीत दिसलेली गुठळी. म्हणून ठरावीक अंतराने पुन्हा रक्त घेतले जाते. युरोपातील मार्गदर्शक सूचनांनुसार, तपासणी पुरेशी संवेदनशील असेल तर हे अंतर एका तासाइतके कमी ठेवता येते. ट्रोपोनिन टीच्या बाबतीत पहिला आकडा १२च्या खाली असेल आणि तासाभरात तीनपेक्षा कमी फरक पडला असेल, तर झटक्याची शक्यता फारच कमी राहते. उलट पहिलाच आकडा ५२ किंवा अधिक असेल, किंवा तासात पाच वा त्याहून अधिक फरक पडला असेल, तर झटका गृहीत धरून पुढची पावले उचलतात. या दोहोंच्या मध्ये अडकलेल्यांना थांबवून तिसऱ्यांदा रक्त तपासले जाते. तेव्हा रात्री दोन वाजता “काका, अजून एकदा रक्त घ्यावं लागेल” असे सिस्टर म्हणतात, ते बिल वाढवण्यासाठी असेलच असे नाही.

पहिला रिपोर्ट नॉर्मल आला, मग घरी का सोडत नाहीत?

कारण दुखणे सुरू झाल्यावर ट्रोपोनिन रक्तात दिसायला वेळ लागतो. पूर्वीच्या तपासण्यांत हा वेळ तीन ते सहा तासांचा होता. नव्या तपासण्यांत तो एक ते तीन तासांवर आला आहे, शून्यावर आलेला नाही. दुखू लागल्यावर वीस मिनिटांत रुग्णालयात पोहोचलेल्या माणसाने सर्वांत शहाणपणाचे काम केलेले असते आणि नेमक्या त्याच माणसाचा पहिला ट्रॉप नॉर्मल येण्याचा संभव सर्वांत जास्त असतो. म्हणूनच दुखणे कधी सुरू झाले ही वेळ डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारतात. “रात्री जेवणानंतर” या उत्तरापेक्षा “साडेनऊला, बातम्या चालू असताना” हे उत्तर त्यांना कितीतरी अधिक उपयोगी पडते.

या प्रश्नाची दुसरी बाजू अधिक तातडीची आहे. धमनी पूर्ण बंद पडून होणाऱ्या झटक्यात ईसीजीच्या आलेखावर ‘एसटी’ नावाचा भाग उचललेला दिसतो. या प्रकाराला ‘स्टेमी’ म्हणतात. येथे ट्रोपोनिनची वाट पाहायची नसते. रुग्ण दारात आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघावा आणि त्यात हे बदल दिसले तर थेट ॲन्जिओप्लास्टीकडे किंवा गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनकडे जावे, असा दंडक आहे. ॲन्जिओप्लास्टी निदानापासून १२० मिनिटांत होणे शक्य नसेल, तर इंजेक्शन निवडतात. ‘स्टेमी गोवा’ आणि ‘स्टेमी महाराष्ट्र’ हे उपक्रम याच तत्त्वावर उभे आहेत: लहान केंद्रात ईसीजी काढायचा, तो दूरच्या तज्ज्ञाकडे पाठवायचा आणि मिळालेल्या निदानानुसार तेथल्या तेथे उपचार सुरू करायचे. अशा वेळी रक्ताचा रिपोर्ट हातात येईपर्यंत थांबणे म्हणजे घर पेटलेले डोळ्यांना दिसत असताना पंचनाम्याची प्रत मागण्यासारखे आहे. ट्रोपोनिनचा खरा कस लागतो तो उरलेल्या रुग्णांत, जिथे दुखणे संशयास्पद आहे पण ईसीजी काही ठामपणे बोलत नाही. हे रुग्ण संख्येने थोडे नसतात.

वाढलेला आकडा म्हणजे झटकाच ना?

पंचनाम्याचा विषय निघालाच आहे तर तोच धरून बोलू. पंचनाम्यात नुकसान काय आणि किती, हे लिहिलेले असते. ते कोणी केले, हे त्यातून आपोआप कळत नाही. ट्रोपोनिन हृदयाच्या स्नायूला इजा झाली एवढे सांगते. इजेची कारणे अनेक असतात: विषाणूमुळे हृदयस्नायूला आलेली सूज, फुप्फुसाच्या धमनीत अडकलेली गुठळी, रक्तात पसरलेला तीव्र जंतुसंसर्ग, हृदयाची फार जलद झालेली गती, हृदयाची कमजोरी, विजेचा धक्का, अपघातात छातीला बसलेला मार, काही कर्करोगविरोधी औषधे. कोविडच्या काळात अनेक अत्यवस्थ रुग्णांत हा आकडा वाढलेला आढळला. पूर्ण मॅरेथॉन धावून आलेल्या धडधाकट माणसांतही तो तात्पुरता वाढतो आणि एक-दोन दिवसांत खाली येतो.

झटक्याचेही प्रकार आहेत आणि त्यांतील दोन सामान्य वाचकाने ओळखावेत. घरातील नळाला पाणी येत नाही याचे एक कारण पाइपमध्ये गुठळा अडकणे हे असते. दुसरे कारण पाइप ठीक असून गच्चीवरील टाकीच रिकामी असणे हे असते. पहिल्या प्रकारच्या झटक्यात धमनीच्या भिंतीवरील चरबीचा थर फुटतो आणि त्यावर रक्ताची गुठळी जमते. दुसऱ्या प्रकारात हृदयाची गरज आणि त्याला मिळणारे रक्त यांचा मेळ तुटतो. पोटातील व्रणातून रक्तस्राव होऊन हिमोग्लोबिन पाचावर आलेले आजोबा हे त्याचे उदाहरण. त्यांचाही ट्रॉप वाढलेला येईल. पण केवळ तो पाहून त्यांना रक्त पातळ करणारी औषधे सुरू केली, तर चालू असलेला रक्तस्राव अधिकच वाढेल. आकडा तोच, उपचार उलटे. “रिपोर्टवर लिहिलंय, तरी डॉक्टर ॲन्जिओग्राफी का करत नाहीत?” या नातेवाइकांच्या रागाचे उत्तर कित्येकदा येथे असते.

मग दरवर्षी करून ठेवली तर बिघडले कुठे?

पैशाखेरीज बिघडते ते असे, की खोटा दिलासा मिळतो. धमनीच्या भिंतीवरील थर आज सकाळी शाबूत असेल आणि संध्याकाळी फुटेल. सकाळच्या रक्तात संध्याकाळच्या इजेची खूण सापडणे शक्य नाही. मोठ्या लोकसमूहांच्या अभ्यासांत असे दिसले आहे की निरोगी भासणाऱ्यांतही ज्यांचा आकडा तुलनेने वरच्या अंगाला असतो, त्यांना पुढे हृदयाचे आजार अधिक होतात. पण हे समूहाविषयीचे निरीक्षण आहे, त्यावरून एखाद्या व्यक्तीला तारीख सांगता येत नाही. पुढचा धोका जोखायचा असेल तर रक्तदाब, साखर, एलडीएल कोलेस्टेरॉल, तंबाखू आणि घराण्यातील इतिहास हेच विचारात घ्यावे लागतात, आणि ते तपासणे ट्रॉपपेक्षा स्वस्तही पडते. आरंभी उल्लेख केलेल्या चित्रफितींतील तरुणांचे अचानक कोसळणे पुष्कळदा हृदयाच्या विद्युत् लयीतील बिघाडामुळे किंवा हृदयस्नायूच्या जन्मजात दोषामुळे घडते. त्याचा सुगावा काउंटरवर मागितलेल्या ट्रॉपमधून सहसा लागणार नाही.

कार्डावरची रेघ आणि केसांच्या गोळ्या

तालुक्याच्या ठिकाणी बहुधा कार्डावरची तपासणी होते. गर्भधारणेच्या चाचणीसारखे प्लॅस्टिकचे छोटे कार्ड असते, त्याच्या खाचेत रक्ताचे काही थेंब सोडतात आणि पंधरा-वीस मिनिटे थांबतात. एक रेघ उमटली तर कार्ड ठीक चालले, दोन उमटल्या तर पॉझिटिव्ह. दुसरी रेघ फिकट असली की ट्यूबलाइटखाली तिरपे धरून तिघे जण ती पाहतात आणि तिघांची तीन मते होतात. हे कार्ड उपयोगी आहे, त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. मात्र रेघ उमटायला लागणारे ट्रोपोनिन मोठ्या यंत्राच्या मर्यादेच्या अनेक पट असते. म्हणून दोन रेघा गांभीर्याने घ्याव्यात आणि एका रेघेवर, विशेषतः दुखणे ताजे असताना, विसंबून राहू नये.

यंत्रही फसते, आणि फसवणारी वस्तू कधीकधी आपल्याच कपाटात असते. केस आणि नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या अनेक गोळ्यांत बायोटिन हे जीवनसत्त्व दैनंदिन गरजेच्या शेकडो पट असते. काही तपासण्यांत प्रतिपिंडांना जागेवर धरून ठेवण्यासाठी बायोटिनचाच दुवा वापरलेला असतो. रक्तात बायोटिनचा पूर आला की तो दुवा निसटतो आणि ट्रोपोनिन असूनही आकडा कमी येतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ साली याविषयी इशारा दिला, त्यात अशा फसव्या कमी आकड्यानंतर एक रुग्ण दगावल्याची नोंद होती. काही कंपन्यांनी नंतर तपासण्या सुधारल्या. तरीही “कुठल्या गोळ्या चालू आहेत?” या प्रश्नाला उत्तर देताना बीपी-शुगरच्या गोळ्यांबरोबर केसांच्या गोळीचाही उल्लेख करावा, ती औषध वाटत नसल्यामुळे हमखास राहून जाते.

उलट बाजूने गोंधळ उडतो तो दीर्घकालीन मूत्रपिंडविकारात. डायलिसिसवरील बऱ्याच रुग्णांचा आकडा बारमाही वरच असतो, झटका आलेला नसतानाही. अशा रुग्णाला छातीत दुखते म्हणून आणले आणि आकडा ६२ आला, तर नव्या डॉक्टरपुढे पेच उभा राहतो. आणि मुलाने पिशवीतून मार्चमधला रिपोर्ट काढून दाखवला, त्यात त्याच लॅबच्या त्याच तपासणीचे ६० असतील, तर पेच पुष्कळ सैल होतो. तीन तासांनी पुन्हा घेतलेल्या रक्तात ६१ आले की डॉक्टर दुखण्याचे दुसरे कारण शोधू लागतात. ९५ आले, तर हृदयरोगतज्ज्ञांना फोन जातो.